गुरुवारी मी जे सांगितलं

माय,

तू गेलीस त्याला छत्तीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुझ्याशी एकदाही भांडले नाही. तू जिवंत होतीस तेव्हाही नाही. शाळेतल्या पोरी मला टरकून असायच्या, मोठ्या बाई माझ्याशी वाद घालायचं टाळायच्या, आणि तुझा जावई तर पाहुण्यांसमोर सांगायचा की हिच्या तोंडी लागण्यापेक्षा माणसानं उपाशी झोपावं. पण तुझ्यासमोर माझी जीभ कधी उचलली नाही. आज मात्र मला भांडायचं आहे. गेल्या आठवड्यात नातीला शाळेतून घराण्याचं झाड काढून आणायला सांगितलं होतं. माझ्यासमोर मोठा कागद पसरून बसली आणि विचारलं, आजी, तुला भाऊ-बहिणी किती? मी म्हटलं, कोणी नाही. पोरीनं मान डोलावली आणि पुढची फांदी काढायला घेतली. तीस वर्षं शिवणाच्या वर्गात मी मुलींना सांगत आले की टाका चुकला तर उसवायला लाजू नका, आणि स्वतः एवढ्याशा पोरीच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलले. तेव्हापासून घास गोड लागत नाही. म्हणून लिहायला बसले आहे. यातलं बरंचसं तुला माहीत आहे, पण मला सगळं पहिल्यापासून मांडत जायचं आहे, नाहीतर मी नेहमीसारखी मधूनच पळ काढीन.

तीन वर्षांची होती आपली धाकटी. मी दहाची. तेव्हा आपला जिल्हा चांदा होता, आणि मामाच्या सावली गावापासून आपलं गाव पायी अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. बा कोशाचं काम करायचा. पावसाळ्यात रानाच्या कडेच्या ऐनाच्या झाडांवर अळ्या सोडायच्या, त्या पानं खाऊन बोटभर व्हायच्या आणि दिवाळीच्या सुमारास रेशमाचे कोश बांधायच्या. तोवर बा झाडांखालच्या खोपडीत राहायचा, गोफण घेऊन पाखरं हाकलायचा, मुंग्यांची वारुळं हुडकत फिरायचा. आणि घरी आपण पाळायचो. तुम्ही सगळे त्याला पाळणंच म्हणायचे. भाजीत हळद नाही, डोक्याला तेल नाही, आणि मासळी तर बोटालाही लागू द्यायची नाही. चार महिने घरातलं जाळं खुंटीवर आणि आपण सगळे लाखोळीच्या डाळीवर. घरातल्या कुणी मोडलं तर तिकडे झाडावर अळ्या मरतात, हे आपल्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पाऊस वरून पडतो हे जसं माहीत, तसं ते माहीत होतं.

एका वर्षी अळ्या काळ्या पडल्या. पायांनी फांदी धरलेली आणि डोकी खाली, अशा लोंबायला लागल्या. बा घरी आला तो दारातच उभा राहिला. काय रोग पडला, कुठल्या झाडापासून सुरू झालं, असलं काही तो बोललाच नाही. त्यानं एवढंच विचारलं, "कोनं खाल्लं?" मी तुझ्या पदरामागे होते. आदल्या आठवड्यात मैत्रिणीच्या घरी तव्यावर भाजलेले झिंगे मी मूठभर खाल्ले होते, आणि तुला ते माझ्या तोंडाच्या वासावरून कळलं होतं. तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "माह्याच हातून झालं. भावाकडं गेलती तवा जिभेले झिंग्याची चटनी लावली." तू मामाकडे गेलीच नव्हतीस त्या महिन्यात. बा दिवाळीपर्यंत तुझ्याशी बोलला नाही. ताट पुढे केलं की जेवायचा आणि हात धुऊन निघून जायचा. मी ते सगळं बघत होते. माझ्या जिभेनं अळ्या मारल्या ही एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली, आणि माय माझ्यासाठी खोटं बोलते ही दुसरी.

महाराज आले ते त्याच्या पुढच्या वर्षी. हिवतापानं त्या साली घरटी कुणी ना कुणी अंथरुणाला खिळलेलं होतं, आणि जवळपासच्या गावांतून बातम्या यायच्या त्या मेल्याच्याच. ते वैनगंगेच्या पलीकडून आले आणि तळ्याकाठच्या आमराईत राहिले. पूर्वी कुठल्याशा लाकडाच्या ठेकेदाराकडे कारकून होते असं मला फार पुढं कळलं. हळू बोलायचे. इतकं हळू की ऐकायला माणसाला पुढे वाकावं लागायचं. बा त्यांच्याकडे गेला तो अळ्यांचं विचारायला. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाऊ, झाडावरच्या किड्यासाठी घरभर पाळता. घरातल्या लेकरासाठी काय पाळता?" घरी येऊन बानं तेच वाक्य तुला ऐकवलं, आणि तू पिठाच्या हातानंच धाकटीला जवळ ओढलंस.

आजकाल टीव्हीवर अशा बाबा-महाराजांच्या बातम्या येतात. मग घरातली तरुण माणसं म्हणतात, इतके कसे वेडे हे लोक, यांना अक्कल नाही का? मला संताप येतो. उठून आत जाते. त्यांना कसं सांगू की त्यात आपल्याला नवं असं काही वाटलंच नव्हतं. अर्धं तर आपल्याच घरात होतं. पाळलं तर जगतं, मोडलं तर मरतं. महाराजांनी फक्त झाडावरचं उचलून पाळण्यात आणून ठेवलं. आणि तुझी आधीची दोन लेकरं तापानंच गेली होती, माय. धाकटी तरी राहावी म्हणून तू निखाऱ्यावरूनही चालली असतीस. त्या मानानं गुरुवारी आमराईत जाऊन बसणं काय मोठं.

अकरा घरं त्यांच्या नादी लागली. ती आतली घरं, बाकीची सगळी बाहेरची. बाहेरच्यांकडे पाणी प्यायचं नाही, त्यांच्या लग्नाला जायचं नाही, वैद्याचं पान नाही, डॉक्टरची सुई नाही. लेकरू आजारी पडलं तर महाराजांचं तीर्थ, दुसरं काही नाही. सरकारची माणसं पाठीवर पंप बांधून डासांचं औषध फवारायला आली तेव्हा आपल्या अकरा दारांत पुरुष आडवे उभे राहिले. ज्या घरात फवारलं त्याच्या भिंतीवर ते गेरूनं तारीख टाकून जात, आणि आपल्या भिंती कोऱ्या. मला त्या कोऱ्या भिंतीचा अभिमान वाटायचा. राखीला मामा सावलीहून चालत आला तेव्हा तू त्याला ओसरीवर बसवून पाणी दिलंस, राखी बांधलीस आणि आत ये म्हणाली नाहीस. तो बराच वेळ चपला हातात घेऊन उभा होता. "काऊन वं, मी तुह्या घरी जेवाचा नाई का आता?" असं त्यानं हसत विचारलं. तू आत गेलीस आणि तो जाईपर्यंत बाहेर आलीच नाहीस.

आणि गुरुवारी दुपारी आमराईत सगळ्यांनी मन उघडं करायचं. आठवड्यात आपल्या हातून काय मोडलं, आणि आपल्या घरात कुणाच्या हातून काय मोडलं, ते सगळ्यांसमोर सांगायचं. सुरुवात आम्हा पोरांपासून, कारण लेकराच्या तोंडात खोटं राहत नाही असं महाराज म्हणायचे. एका मुलानं सांगितलं की आजी कमरेला ताईत बांधून आहे, बाहेरच्या फकिराचा. तिच्याशी महिनाभर कुणी बोलायचं नाही असं ठरलं. घरच्यांनीही नाही. ती म्हातारी शेवटी गोठ्यात जाऊन बैलाशी बोलायची, आपल्याला परसातून ऐकू यायचं. खोटं सांगितलं असं निघालं तर त्या पोराला दिवसभर तळ्याच्या पाण्यात गळ्याइतकं उभं करायचे. एका मुलीला केलं होतं. ती नंतर कितीतरी दिवस बोलताना अडखळायची. आणि दर गुरुवारी उठताना महाराज तेच सांगायचे, "ज्याच्या घरी झाकलेलं राहते, त्याच्या घरचं लहान लेकरू आधी जाते." तेव्हा बायका आपापली लेकरं छातीशी धरायच्या. तूही धरायचीस.

धाकटीला ताप भरला तो भादव्यात. एक दिवस हुडहुडी भरून अंग तव्यासारखं तापायचं, दुसऱ्या दिवशी बरी असायची, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा. तीर्थ दिलं, अंगारा लावला. चार पाळ्या झाल्या आणि पोर वाळून गेली. मान धरवेना तिला. त्या दिवशी आपण दोघी तळ्यावर पाण्याला गेलो होतो, आणि बांधावर तो फवारणीवाला झाडाखाली भाकरी खात बसला होता. तू घागर खाली ठेवलीस, इकडे तिकडे पाहिलंस, आणि सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिलीस. "भाऊ, तुमच्यापाशी तापाची गोळी हाये म्हनते. माह्या पोरीले द्या ना." तो आपल्या घराला ओळखत होता, आदल्या महिन्यात बानं त्याला दारातून परत पाठवलं होतं. पण तो काही लागट बोलला नाही. पिशवीतून पाच गोळ्या काढल्या, कागदात बांधल्या. म्हणाला, "रोज एक. कडू लागते, गुळात चुरून द्या बाई. अना ध्यानात ठेवा, दोन दिवसांत बरं वाटलं तरी पाचही पोटात गेल्या पाहिजे." तू ती पुडी कमरेला खोवलीस. वाटेत थांबून मला म्हणालीस, "कोनाले सांगजो नको. बा ले बी नाई." मी मान हलवली. तुझा हात ओला होता, तो माझ्या गालाला लागला.

लाखोळीच्या मडक्यात, डाळीच्या खाली, तू ती पुडी ठेवलीस. संध्याकाळी चुलीपाशी बसून एक गोळी वाटीच्या बुडानं चुरलीस, गुळात कालवलीस आणि धाकटीच्या तोंडात घातलीस. तिनं जीभ बाहेर काढली आणि "कलू, कलू" म्हणून रडायला लागली. दुसऱ्या दिवशी तेच. तेव्हा तिनं असं काही तोंड वाकडं केलं की तुला हसू आलं. "पाय वं, कशी माकडावानी करून राह्यली," म्हणालीस मला. कितीतरी महिन्यांनी तू हसली होतीस. पूर्वी तू फार हसायचीस, माय. सासरी आलेल्या नव्या सुनांची, बाच्या चालण्याची, कुणाचीही नक्कल करायचीस. ती सवय तुझी कधी मोडली ते आमच्या ध्यानातही आलं नव्हतं.

तिसरा दिवस गुरुवार. आमराईत नेहमीसारखे सगळे बसले, पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, आणि पोरं पुढे. धाकटी तुझ्या मांडीवर होती. माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मायनं तापाची गोळी आनली. दालीच्या मडक्यात लपवली." महाराज रागावले नाहीत. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं आणि नेहमीच्याच हळू आवाजात विचारलं, "बाई, पोरगी खरं बोलते काय?"

इथं मी नेहमी अडते. तुला नाही म्हणता आलं असतं. झिंग्यांच्या वेळी तू किती सहज खोटं बोलली होतीस. पोट्टी उगाच काहीबाही बोलते, म्हणाली असतीस तर बायकांनी मान डोलावली असती. घरी जाऊन उरलेल्या तीन गोळ्या तू तिला दिल्या असत्यास. पण तू नाही म्हणालीस तर मी खोटी ठरणार होते, आणि खोट्या पोराला तळ्यात उभं करतात हे तू पाहिलं होतंस. पावसानं तळं काठोकाठ भरलेलं. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस, मांडीवरच्या धाकटीकडे एकदा पाहिलंस आणि म्हणालीस, "होय." एवढंच. त्या दोन नजरांच्या मधे तुझ्या मनात काय झालं असेल, याचा विचार करून करून मी म्हातारी झाले. तुला वाटलं असेल, दोन तर पोटात गेल्यात, भागेल तेवढ्यात. असंच वाटलं असेल ना? सांग ना मला.

बा घरी जाऊन मडकं घेऊन आला. महाराजांनी पुडीला हात लावला नाही. तुलाच तळ्याच्या बांधावर पाठवलं आणि तुझ्याच हातानं पाण्यात टाकायला लावली. तीन पांढऱ्या गोळ्या. परत येऊन तू तुझ्या जागी बसलीस, पण तुझ्या शेजारच्या बायका सरकून बसल्या होत्या. महिनाभर तुझ्याशी बोलायचं नाही असं ठरलं. सोमवारी धाकटीला पुन्हा हुडहुडी भरली. बुधवारी तिला फिट आली आणि दुपारच्या आत ती गेली. घरात तुझ्याशी कुणी बोलायचं नव्हतं, म्हणून ती गेली हेही तुला कुणी म्हटलं नाही. बानं तिला तुझ्या मांडीवरून उचलून नेलं आणि तू चुलीसमोर तशीच बसून राहिलीस. मीही बोलले नाही तुझ्याशी. मी नेम पाळत होते.

दुसऱ्या दिवशी गुरुवारच होता. महाराज म्हणाले, दोन गोळ्यांचं विष पोटात गेलं होतं, उघडं करायला उशीर झाला. सगळ्यांना ते पटलं. कसंही झालं असतं तरी त्यांचंच खरं ठरणार होतं, हे कुणाच्या ध्यानात येणार? पोर जगली असती तर उघडं केलं म्हणून जगली, आणि मेली ती उशीर झाला म्हणून. मला तर इतकं पटलं की मी मनाशी दिवस मोजत बसले. तळ्यावरून आलो त्याच दिवशी बाला सांगितलं असतं तर धाकटी जगली असती. मी तुझं ऐकलं म्हणून ती मेली. माय, पुढची सात वर्षं मी हेच धरून चालले. तुझ्या हातचं जेवताना मला तुझा राग यायचा. तू मला गप्प राहायला सांगितलंस याचा राग.

महिन्याभरानं एका सकाळी तू लुगडं आणि दोन भांडी गाठोड्यात बांधलीस, माझा हात धरलास आणि बाच्या खोपडीकडे गेलीस. बा झाडावर होता. तू खालूनच म्हणालीस, "भावाकडं जाऊन राह्यली. पोट्टीले घेऊन." तो वरून म्हणाला, "महाराजाले इचारलं काय?" तू म्हणालीस, "नाई." आणि आपण चालायला लागलो. मी वाटभर रडत होते, तुझ्या हाताला हिसके देत होते, की महाराजांना न विचारता गेलो तर आता मी मरीन. तू एकदाही थांबली नाहीस. मामानं दार उघडलं आणि काही विचारलं नाही. तू सावलीच्या धानाच्या गिरणीत पाखडायला लागलीस, मला शाळेत घातलंस. बा आला नाही. दोन-तीन वर्षांनी महाराज तिथून हलले तेव्हा चार घरं त्यांच्यामागे गेली, त्यात बा होता. पुढे तो मेल्याची बातमी आली तीसुद्धा तेंदूपत्त्याच्या कामावरून आलेल्या एका माणसाच्या तोंडून. तू तेव्हा सुपातलं धान खाली ठेवलंस, कपाळ पुसलंस आणि पुन्हा सूप उचललंस.

सतरा वर्षांची असताना मी चांद्याला शिवणाच्या शिक्षणाला होते, तिथं मला हिवताप आला. वसतिगृहातल्या नर्सबाईंनी गोळ्या आणून दिल्या. मी नको म्हटलं, हातपाय झाडले, त्यांनी माझं नाक दाबून पहिली गोळी घातली. दोन दिवसांत ताप उतरला. मला वाटलं झालं. त्या म्हणाल्या, "अजून तीन घ्यायच्या. आता सोडल्या तर उलटून येतो." मी खाटेवर बसून होते आणि हातात ती तिसरी गोळी होती. पांढरी, कडू. नर्सबाई विचारत होत्या, काय झालं गं, पोटात दुखतं का, आणि मला सांगताच येईना. इतकी वर्षं मी उशिरा सांगितलं म्हणून रडत होते. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की सांगितलं म्हणून रडायला हवं होतं.

आता भांडण ऐक. तू मला कशावरून बोलली नाहीस? दूध उतू गेलं तर बोललीस, पोलक्याची बाही वाकडी लागली तर चारचौघांत बोललीस, लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा उष्टी भांडी तशीच ठेवली म्हणून जावयासमोर माझी कानउघाडणी केलीस. त्या एका गोष्टीवरून मात्र कधी नाही. तू एकदा तरी मला फडाफडा मारायला हवं होतंस. निदान विचारायचंस, काऊन सांगितलंस म्हणून. चांद्याहून सुट्टीत आले तेव्हा मी ठरवून आले होते. तू अंगणात निवडत बसली होतीस. मी म्हटलं, माय, त्या गुरुवारी... तू वर न बघता म्हणालीस, "चूल पाय, भात करपून राह्यला." मी आत गेले. चुलीवर काहीच नव्हतं. मी तिथं उभी राहिले, मग बाहेर आले आणि आपण दोघींनी मिळून तांदळातले खडे काढले.

दुसऱ्यांदा दवाखान्यात, तुझ्या शेवटच्या आठवड्यात. दुपारची वेळ होती, मी तुला संत्र्याच्या फोडी सोलून देत होते. मी काही विचारलंही नव्हतं. तू आपणहून म्हणालीस, "तू भेली होती. लहान्या जीवाले त्यायनं भेव दाखवलं. तुहा काई दोष नाई." आणि माझ्या हातातली फोड घेऊन माझ्याच तोंडात घातलीस. मी ओक्साबोक्शी रडले. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, रडू नका, बऱ्या होतील त्या. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, झालं, मायनं माफ केलं. आणि छत्तीस वर्षं मी तुझं ते वाक्य बाळगून आहे. नवऱ्याला सांगितलं तेव्हाही तसंच सांगितलं. मी दहा वर्षांची होते, धाकटी मरेल या भीतीनं बोलून गेले. तो म्हणाला, मग लेकरू दुसरं काय करणार? बरोबरच आहे. भ्यालेलं लेकरू दुसरं काय करणार.

पण तू ज्याची माफी दिलीस ते मी केलंच नव्हतं, माय. भांडण हे आहे. तू तीस वर्षं मनाशी घोळवून माझ्यासाठी एक कारण शोधून ठेवलंस, मला न विचारता. आणि ते इतकं चांगलं होतं की माझी ते नाकारायची हिंमत झाली नाही. तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. कदाचित नसतंही सांगितलं. आता ही पानं कुठं पाठवू? सून म्हणेल, आई, नदीत सोडा, नाहीतर जाळा. त्यातलं काही करणार नाही. कपाटात ब्लाउजच्या जुन्या कागदी बेतांखाली ठेवीन, आणि मी गेल्यावर रद्दीत जाईल.

तर खरं ते असं. त्या गुरुवारी सकाळी धाकटी बरी होती. त्या दिवशी तिच्या तापाची पाळी होती आणि ताप आला नव्हता. तिनं पेज मागून घेतली, माझ्या वेणीला लोंबकळली, अंगणात कोंबडीमागे धावली. मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला होता, गार होतं. गोळीनं गुण आला हे मला कळत होतं. मी भ्याले नव्हते, माय. कितीतरी गुरुवार माझ्याकडे सांगायला काही नसायचं, बाकीची पोरं सांगायची आणि त्यांचे बाप त्यांच्याकडे पाहायचे. बा माझ्याशी कधी कामाशिवाय बोलला नव्हता. त्या दिवशी आमराईतून निघताना, एवढी दहा वर्षांची घोडी मी, त्यानं मला उचलून खांद्यावर घेतलं. घरापर्यंत उतरवलं नाही. तू मागून येत होतीस, धाकटीला कडेवर घेऊन. ती मला हाक मारत होती, वर बसवा म्हणून हात पसरत असणार. मी मागे वळून पाहिलं नाही. मला फार बरं वाटत होतं.